तानूबाईचा उत्साह

एका जंगलात, मुलांनो, हरणांचा एक कळप होता. आता कळप म्हटला की वाघ आलाच. म्हणून उंच जांभळाच्या झाडावर तीन वानर पहाऱ्याला असत. वाघ दिसला की ते ओरडत आणि कळप धूम ठोके. साधी व्यवस्था होती. तुम्हालाही जमली असती.

पण कळपाचे प्रमुख सांबरराव फार हुशार. पहिला वानर म्हातारा होऊन गेला, त्यांनी जागा भरली नाही. दुसरा कंटाळून गेला, तीही भरली नाही. उरली एकटी तानूबाई. तिघांचा पहारा ती एकटी करू लागली. "बघा, काही अडलं का?" असं सांबरराव सगळ्यांना सांगत सुटले.

महिन्याभरात तानूबाईचे डोळे लालभडक झाले. वाळकं पान हललं तरी ती ओरडायची. एकदा तर खुद्द सांबररावांनाच वाघ समजून ओरडली. शेवटी ती खाली उतरली आणि हात जोडून म्हणाली, "साहेब, दोन दिवस झोपू द्या हो मला. नाहीतर एक दिवस वाघ समोरून येईल आणि मला दिसायचा नाही."

"अगं तानूबाई, आपण एक कुटुंब आहोत," सांबरराव म्हणाले. "कुटुंबात कुणी रजा मागतं का?"

भागामावशी नावाची म्हातारी हरणी तिथेच चरत होती. तिला राहवलं नाही. "अहो, झोपू द्या की तिला! दोन दिवस आम्ही बघू आळीपाळीनं."

"मावशी, तिला झोप कमी पडत नाहीये. उत्साह कमी पडतोय."

हसू नका, मुलांनो. असं बोलता यायला मोठ्या माणसांना बरीच वर्षं लागतात.

मग शिबिर ठरलं. मार्गदर्शक म्हणून अजगरगुरू आले. ते महिन्यातून एकदा जेवत आणि बाकीचे दिवस पडून असत, त्यामुळे तणावमुक्तीवर त्यांच्याइतका अधिकार कुणाचाच नव्हता. हजेरी सक्तीची होती. तानूबाईला तर पहिल्या रांगेत बसवलं.

"आणि झाडावर कोण?" भागामावशीने विचारलं.

"मावशी, जरा सकारात्मक बोला," सांबरराव म्हणाले.

अजगरगुरूंनी सुरुवात केली. "डोळे मिटा. चेहऱ्यावर हसू आणा. आता अकरा वेळा म्हणा, मला थकवा नाही."

सगळे म्हणू लागले. तिसऱ्या वेळेला तानूबाईला गाढ झोप लागली. बिचारी! सातव्या वेळेला वाघ आला. इतकी सोपी शिकार त्याने जन्मात पाहिली नव्हती, म्हणून त्याने आधी दोनदा इकडेतिकडे बघून घेतलं. भागामावशी कडेला बसली होती. तिला घेऊन तो आल्या वाटेने निघून गेला.

शोकसभेत सांबरराव बोलायला उभे राहिले. "भागामावशी गेल्या," ते म्हणाले, "पण हसत गेल्या. शिबिराचं केवढं हे यश!"

तानूबाई धाय मोकलून रडत होती. "मी जागी असते तर म्हातारी वाचली असती हो!"

"तेच म्हणतोय मी," सांबरराव म्हणाले. "भर शिबिरात झोपलीस. आता पुढच्या आठवड्यात पुन्हा शिबिर. खास तुझ्यासाठी."

तात्पर्य: पहारेकरी थकला तर दुसरा ठेवू नये, सगळ्यांना डोळे मिटायला शिकवावं. मग वाघ कुणालाच दिसत नाही. आणि ज्याला दिसतो, तो तक्रार करायला परत येत नाही.