हौसाआत्याच्या घराचा चौथा तारा

आमच्या तालुक्यात चार तारे मिळालेल्या घरात जो पर्यटक उतरतो, तो मुक्कामापुरता त्या घराचा कायदेशीर जावई असतो.

नियम जुना आहे आणि प्रत्येक घराबाहेर पाटीवर लिहिलेला असतो. एसटी स्टँडवरच्या लॉजला ताराच नाही. तिथे माणूस परका म्हणून राहतो आणि सकाळी कुणाला न सांगता निघून जातो. एका ताऱ्याच्या खोलीत तो गाववाला ठरतो, दोन ताऱ्यांच्या घरात शेजारी. म्हणजे तो चहापत्ती मागू शकतो आणि त्याच्याकडेही मागता येते. धरणाकाठच्या रिसॉर्टला पाच तारे आहेत. तिथला पाहुणा व्याही असतो, त्यामुळे जेवताना कुणी मोठ्याने हसत नाही आणि निघाल्यावर दोन्ही बाजू एकमेकांना नावं ठेवतात.

पांगारखिंडीतल्या हौसाआत्याच्या घराला तीन तारे होते. तीन ताऱ्यांना भाचा.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि घर पाहुण्यांवर चालतं. आलेल्या भाच्यांना ती उजाडताच उठवायची, विहिरीवर पिटाळायची, "फोन ठेव आन् शेंगा सोल" म्हणायची. पुण्याचे इंजिनिअर खाली मान घालून शेंगा सोलायचे, पडवीत चटईवर झोपायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे.

मग मी आले. मी स्वित्झर्लंडमध्ये आतिथ्य व्यवस्थापन शिकले आहे. पाहुण्याकडून शेंगा सोलून घेणं मला अन्याय वाटला, आणि तत्त्व म्हणून अजूनही वाटतो. उत्तम दर्जावर शहरांचा मक्ता नाही, खेड्यातल्या घरानेही मान वर करून उभं राहावं, हे मी आत्याला इतक्या तळमळीने सांगितलं की ती म्हणाली, "बरं बाई. तू शिकलीयास." मी गाद्या आणल्या, गिझर बसवले, टॉवेलांच्या घड्या घालून हंस केले. चौथा तारा मिळाला आणि जावई यायला लागले.

जावई उठत नाहीत. जावयांना पाट लागतो. आग्रह केल्याशिवाय ते दुसरी भाकरी घेत नाहीत, आणि केला तर "कशाला उगाच" म्हणून कपाळाला आठ्या घालतात. पाहुण्यांच्या खोल्या तीन, त्यामुळे एका वेळी तीन जावई. ते एकमेकांचे साडू, आणि कुणाच्या खोलीतला गिझर मोठा यावरून तिघांचं बोलणं बंद. एकाला चहा आधी दिला म्हणून दुसरा दुपारपर्यंत आंब्याखाली रुसून बसला. त्याची समजूत काढायला आत्या लाडू घेऊन उन्हातून गेली. तिघे जेवल्याशिवाय तिला बसता येईना. तिचे पाय सुजले.

"दिवाळीनंतर कुलूप लावते घराला," एके दिवशी ती म्हणाली.

"आणि तू कुठे जाशील?"

"तुझ्या बापाकडं. बसंन एका कोपऱ्यात."

हौसाआत्या आजवर कुणाच्याच कोपऱ्यात बसलेली नाही. मी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला, निवास दर्जा कार्यालयात गेले. तिथे शेडगे साहेब होते.

"तारा परत घ्या," मी म्हणाले.

"परत घ्यायची तरतूद नाही, मॅडम. तारा पडावा लागतो."

"कसा पडतो?"

"घरमालकिणीने जावयाचा अपमान केला पाहिजे. तोंडावर. पंगतीत केला तर कागद लवकर हलतो."

"मी केला तर?"

"तुम्ही मेहुणी. मेहुणीने केलेला अपमान चेष्टेत धरतात."

माझा संयम सुटत चालला होता. "साहेब, आत्याला मुलगीच नाही. मग हे जावई कुठून आले?"

"मुलगी सासरी आहे असं धरायचं." त्यांनी चष्मा पुसला. "अपमान झाला तर तिला माहेरी पाठवायचा हक्क जावयाला आहे. ती बाब घरगुती. आमच्याकडे आणू नका."

"पण ती नाहीच आहे!"

"मॅडम, जावई मान्य आणि मुलगी अमान्य, असं कसं चालेल?"

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. "जावयाला? तोंडावर? त्यापेक्षा कुलूप बरं." मी समतेवर बोलले, श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलले, तिच्या सुजलेल्या पायांवर बोलले. "रुजू, तुझं समदं खरं," ती म्हणाली, "पण जावई तो जावई." मी चिडून गिझर बंद करून ठेवले. जावयांनी थंड पाण्याने आंघोळी केल्या आणि मेहुणी भारी खट्याळ आहे म्हणून खूश झाले.

त्या आठवड्यात डॉक्टर निखाडे आले. दातांचे डॉक्टर, नागपूरचे. पहिल्या दिवशी उशी उंच म्हणून रुसले, दुसऱ्या दिवशी उशी बदलली म्हणून. तिसऱ्या दिवशी पाटावर बसून त्यांनी आमटीचा भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"मीठ कमी आहे. तुमच्या मुलीचंही असंच. वळण म्हणून काही लावलंच नाही तुम्ही तिला."

आत्याने पळी पातेल्यात सोडली.

"माझ्या लेकीला नाव ठेवायचं न्हाई."

"अहो, मी फक्त..."

"गप! तू कोण रं तिला वळण शिकवणारा? माझी पोर तिकडं तुझ्या घरात राबती, तुझं उष्टं काढती, आन् तू हितं माझ्या पाटावर बसून तिचं उणंदुणं काढतोस? दाताचा डॉक्टर म्हणं! आधी सोताची जीभ तपास. ऊठ. ऊठ पाटावरनं!"

बाकीचे दोन जावई खाली बघून जेवत राहिले. कुणी आग्रह न करता त्यांनी दुसरी भाकरी घेतली.

"ठीक आहे," डॉक्टर उठत म्हणाले. "मग तुमची मुलगी ठेवा तुमच्याकडेच." जावई सामान उचलत नाहीत म्हणून त्यांची बॅग मी गाडीपर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तारा पडल्याची नोटीस आली. पाटी बदलली. दोन जावई त्या क्षणापासून भाचे झाले, आणि आत्याने त्यांना लगेच विहिरीवर पाठवलं. दुपारच्या एसटीने एक बाई उतरली. तिशीची असेल, हातात सुटकेस, नाक थेट आत्याचं. दारात येऊन ती नुसती उभी राहिली. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

मी शेडगे साहेबांना फोन लावला. "घरात एक मुलगी आली आहे."

"येणारच. पाठवली ना त्यांनी."

"हिचं आता काय करायचं?"

"मॅडम, माहेराचा दर्जा आम्ही ठरवत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत्या बाहेर आली. तिने त्या बाईच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले.

"शेवंता," ती म्हणाली. हे नाव मी घरात कधी ऐकलं नव्हतं. "लई वाळलीस गं. जेवलीस का?"

"न्हाई, आये."

"बस. पिठलं टाकते." मग ती माझ्याकडे वळली. "रुजू, आतल्या खोलीतलं तुझं सामान काढ. खोली माझ्या लेकीची हाय."

कुलपाचा विषय त्यानंतर निघाला नाही. मी सामान काढलं आणि आत्याने दाखवलं तिथे, पडवीत, दोन भाच्यांच्या मधे ठेवलं.