वीस फुटांवरची म्हैस

प्रबंधाचं दोनशे बारावं पान टाइप करताना शिवशंकरला एका ओळीच्या दोन ओळी दिसायला लागल्या आणि त्याने इमानेइतबारे दोन्ही टाइप केल्या. पुढची चौदा पानं अशीच गेली. ज्या प्राध्यापकाचा प्रबंध होता त्याच्या काही लक्षात आलं नाही. त्याच्या मार्गदर्शकांनी तर त्या प्रकरणावर 'विवेचन सखोल' असा शेरा मारून पाठवला. पण शिवशंकरची लेक मंजुषा हिने ती पानं बघितली आणि वडलांना धरून लातूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं.

शिवशंकर कळंबात घरीच टायपिंग करायचा. आधी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा, आता घरात कॉम्प्युटर होता. तीस वर्षं दुसऱ्याचं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून त्याचा स्वभावही तसाच झाला होता. छापील अक्षरावर त्याची भारी श्रद्धा. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलं असेल तर चमचा तोंडात जाईपर्यंत तो बाटली हलवत राहायचा. त्यात जिवाला घोर लावून घ्यायची खोड. सध्याचा घोर मंजुषाच्या साखरपुड्याचा होता. अणदूरचं स्थळ चांगलं होतं, मुलगा विरेश बँकेत होता आणि महिन्याभरात साखरपुडा घरी करायचं ठरलं होतं.

डॉक्टरांनी डोळ्यात घालायला थेंब दिले आणि स्क्रीनवरून अधूनमधून नजर काढायला सांगितलं. अधूनमधून म्हणजे कधी, या विचाराने शिवशंकरला रात्रभर झोप लागेना. शेवटी मंजुषाने कॉम्प्युटरमध्ये एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. दर वीस मिनिटांनी स्क्रीन काळी व्हायची आणि वर अक्षरं यायची, 'वीस फूट लांब पाहा. वीस सेकंद.' खाली आकडे उलटे मोजत जायचे.

"वीस फूट म्हंजी नेमकं कुठं?" शिवशंकरने विचारलं.

"पप्पा, लांब कुठंतरी बघायचं. झाडाकडं, भिंतीकडं."

"कुठंतरी न्हाय लिव्हलं गं. वीस लिव्हलंय."

त्याने पेटीतून टेप काढला. एक टोक बायकोच्या, दैवशालाच्या हातात देऊन तिला खुर्चीत बसवलं आणि दुसरं टोक घेऊन तो खिडकीबाहेर गेला. आठ फुटांवर अंगण संपलं. बारा फुटांवर शेजारच्या द्वारकाबाईचं तारेचं कुंपण लागलं. तारेतून हात घालून टेप पुढं सरकवला, तर वीस फूट बरोबर द्वारकाबाईच्या म्हशीच्या कपाळावर भरले. म्हशीचं नाव चांदी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. चांदीने टेप हुंगला आणि फुर्र केलं. शिवशंकरला फार समाधान वाटलं. सरकारी मोजणीतसुद्धा इतकं नेमकं कधी येत नाही.

त्या दिवसापासून सकाळी सहाला तो कामाला बसला, की संध्याकाळी सातपर्यंत दर वीस मिनिटांनी मान वळवून चांदीच्या ठिपक्याकडं वीस सेकंद बघायचा. पापणी लववायची का नाही हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो लववायचा नाही. पहिले दोन दिवस चांदी बिचकली. मग तीही रवंथ थांबवून त्याच्याकडं बघायला लागली. तीन आठवड्यांत शिवशंकरचे डोळे चांगलेच सुधारले.

द्वारकाबाई पासष्टीची, एकटी, तोंडाने फटकळ, पण मनाची मोकळी बाई. त्या गल्लीत नळाला पाणी आलं तर आलं. द्वारकाबाईच्या बोअरला मात्र पाणी होतं आणि तिने कुंपणावरून एक पाइप शिवशंकरच्या हौदात सोडून दिला होता. रोज सकाळी तासभर पाणी. अकरा वर्षांत कधी उपकाराची भाषा नाही. शिवशंकरचं सगळं घर त्या पाइपावर चाललं होतं.

एके दिवशी ती कुंपणाशी येऊन दैवशालाला म्हणाली, "दैवशाला, तुझे मालक माझ्या म्हशीकडं कामून बघत्यात गं?"

"डोळ्याचा व्यायाम हाय, काकू."

"व्यायाम? मग आपल्या घरात करावा की. म्या सकाळधरनं मोजलंय, अकरा बारी बघितलं. आन् बघणं तरी कसं, पापणी न्हाय हालत! दुभतं जनावर हाय माझं."

दैवशालाने हसण्यावारी नेलं. द्वारकाबाईने नाही नेलं. तिने मीठ, मोहऱ्या, मिरच्या चांदीवरून उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे नजर जबर, हे सांगायला कोणी पंडित लागत नाही. त्याच दुपारी तिने खताची रिकामी पोती दाभणाने शिवली आणि कुंपणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टांगली. वीस मिनिटांनी शिवशंकरने मान वळवली, तर समोर पोतं. त्याने पुन्हा टेप काढला. पोतं बाराच फुटांवर होतं.

त्या संध्याकाळी चांदीने पान्हा चोरला.

द्वारकाबाईने पाठ थोपटली, पेंड घातली, ओव्या म्हटल्या. थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, संध्याकाळी तेच. ढोरांचा डॉक्टर आला, त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "जनावर ठणठणीत हाय. कशाची तरी सवय मोडली असंल." तो गाडीला किक मारून गेला आणि त्याचं बोलणं गोठ्यातच राहिलं. द्वारकाबाईने कुंपणावरचा पाइप ओढून घेतला आणि वेटोळं करून खुंटीला टांगला. साखरपुडा सहा दिवसांवर आला होता.

"डोळं दुरुस्त करायला गेलाव आन् घरचं पाणी तोडून बसलाव," दैवशाला म्हणाली. "ऐंशी माणूस यायचंय अणदूरहून. त्यांना काय थेंब देताव, डोळ्यात घालायचे?"

शिवशंकरने टँकरवाल्यांना फोन लावले. लग्नसराई होती, एकही टँकर मोकळा नव्हता. फोन लावता लावता वीस मिनिटं झाली आणि स्क्रीन काळी झाली. बघायचं तर कुठं बघायचं? तो गच्चीवर गेला. पलीकडच्या गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या. त्यांनी याला बघितल्याबरोबर ओल्या कुरडयांवर धोतर टाकलं. तो खाली येऊन दारात उभा राहिला, तर समोरून लेकराला कडेवर घेऊन चाललेल्या बाईने लेकराच्या तोंडावर पदर ओढला. गल्लीत बातमी पोचली होती.

तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस आला आणि खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "मालक, माझ्या चुलतभावानं नवा ट्रॅक्टर घेतलाय. जाता जाता एकदा बघताव का?"

शिवशंकरने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. ही बातमी अणदूरला पोचली तर? मुलीचा बाप नजर लावतो असं कळल्यावर कोण मुलगी करून घेईल? मंजुषा म्हणाली, "पप्पा, मी सॉफ्टवेअर काढून टाकते." पण आता सॉफ्टवेअर काढून काय उपयोग होता? हौदात वीतभर पाणी उरलं होतं.

शेवटी दैवशालाच द्वारकाबाईकडं गेली आणि तिची अट घेऊन आली. ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती म्हशीवरून उतरवायची, तीही त्याने स्वतः येऊन द्यायची.

"म्हंजी म्या नजर लावली असं कबूल करायचं?" शिवशंकर म्हणाला.

"व्हय. कबूल करा आन् पाणी आणा."

मंगळवारी सकाळी सहाला तो मान खाली घालून गोठ्यात गेला. द्वारकाबाईने त्याच्या टाचेखालची चिमूटभर माती घेतली आणि चांदीवरून सात वेळा उतरवली. शिवशंकर वर बघेना. पण समोर काहीतरी फुर्र झालं म्हणून त्याने मान वर केली. चांदी त्याच्याकडं बघत होती. तिने कान हलवले, ती बारीक आवाजात रेकली, आणि बादलीत धार वाजायला लागली.

"उतरली बाई नजर!" द्वारकाबाई म्हणाली आणि मोठ्या मनाने पाइप सोडला.

संध्याकाळी चांदीने पुन्हा पान्हा चोरला. बुधवारी सकाळी द्वारकाबाईने कुंपणावरून ओरडून पुन्हा माती मागितली. पुन्हा तिथं जाण्याची लाज वाटून शिवशंकरने माती कागदात बांधून, वर स्वतःचं नाव टाइप करून दैवशालाच्या हाती पाठवली. पुडी सात वेळा उतरवली, चौदा वेळा उतरवली. थेंब नाही. मग द्वारकाबाई स्वतः येऊन त्याला मनगटाला धरून घेऊन गेली. त्याचं तोंड दिसलं आणि म्हैस पान्हावली. माती अजून पुडीतच होती.

द्वारकाबाई बराच वेळ एकदा म्हशीकडं आणि एकदा शिवशंकरकडं बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "हिला तुमचं तोंड लागतंय."

"माझं?"

"म्या काय करू? माझं दहा वर्सं बघून तिला काय वाटलं न्हाय. आता सांज-सकाळ धारेला यायचं. तुमी आलाव तर पाणी हाय. न्हाय आलाव तर न्हाय."

अट साधी होती. गुरुवारी दोन्ही वेळा तो गेला, हौद काठोकाठ भरला. शुक्रवारी ऐंशी पाहुणे जेवले, हात धुतले, पाय धुतले, वर लेकरांनी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं. कोणी काही बोललं नाही. शिवशंकरने आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

साखरपुडा झाल्यावर मंडळी लग्नाचं बोलायला बसली. विरेशचे वडील बंडप्पा म्हणजे भरघोस मिशांचा, शब्दाला पक्का माणूस. ते म्हणाले, "लगीन आमच्या दारात, अणदूरला. खंडोबाच्या पायापाशी. तुमी दोन दिवस आधी या, एक दिवस नंतर राव्हा. सगळी सोय आमची."

चार दिवस म्हणजे आठ धारा. शिवशंकरने मनात मोजलं. चार दिवसांत म्हैस आटली असती, आणि लग्न करून परत आलं की पाइप खुंटीला. त्याने बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. तिथं बसलेली द्वारकाबाई लाडूवरून नजर काढून त्याच्याकडंच बघत होती.

"लगीन हितंच करू," शिवशंकर म्हणाला.

बंडप्पांची मिशी थांबली. "कामून?"

"मला घर सोडून जाता येत न्हाय."

"चार दिसाचा सवाल हाय, व्याही."

"एक दिवससुद्धा न्हाय."

दैवशालाने मागून त्याला एवढ्या जोरात चिमटा काढला, की तो बसल्या जागी हलला. स्थळ मोडतंय, त्याला स्वच्छ दिसत होतं. खरं कारण सांगायला त्याने तोंड उघडलं, पण ऐंशी माणसांत म्हशीचं नाव घ्यायला जीभ वळेना. तो खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपसत बसला.

बंडप्पा त्याच्याकडं एकटक बघत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"कळलं," ते जड आवाजात म्हणाले. "व्याही, मला कळलं. म्या माझ्या पोरीचं लगीन पाव्हण्याच्या दारात केलं. लेक तितनंच सासरी गेली. माझ्या उंबऱ्यावरनं तिला वाटं लावायची राहिली, ती राहिलीच. लई वर्सं झाली, अजून दाराकडं बघितलं की आत तुटतंय." त्यांनी डोळे पुसले. "तुमी बोलला न्हाय, पण समजलं. लगीन हितंच, तुमच्या दारात. बापाला त्येवढा हक्क हाय."

बायकांत कोणीतरी मुसमुसलं. शिवशंकरने मान वर केली. समोर हिरवा शालू नेसून, कपाळभर कुंकू लावून मंजुषा बसली होती. तीन आठवडे त्याने दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हशीकडं डोळे लावले होते आणि चार फुटांवर वावरणारी ही पोर त्याला आज दिसत होती. ती दोन महिन्यांनी या घरात नसणार. कॉम्प्युटर अडला तर हाक कुणाला मारायची? चौदा पानं दोनदोनदा टाइप झाली तर सांगणार कोण? त्याला हुंदका आवरेना. बंडप्पांनी पुढं होऊन त्याला मिठी मारली आणि दोघं व्याही भर बैठकीत रडायला लागले.

"मुहूर्ताचं बोला," कोणीतरी म्हणालं. "संध्याकाळचे सहा चांगले हायत."

"सहा नको!" शिवशंकर रडता रडता म्हणाला. "दुपारचा धरा."

"दुपारचाच धरा," बंडप्पा म्हणाले. "हे म्हणतील तसं."

एवढ्यात कुंपणापलीकडून चांदी रेकली. द्वारकाबाई पदर खोचून उठली आणि शिवशंकरच्या खांद्याला हात लावून गेली. तो मिठीतून सुटला, "आलोच," म्हणाला आणि आसवं गाळत गोठ्यात जाऊन उभा राहिला.

द्वारकाबाईने बादली लावली, वर बघितलं आणि हात थांबवला.

"भाऊ, आधी डोळं पुसा," ती म्हणाली. "असलं तोंड बघितलं तर ती काय पान्हा सोडणार न्हाय."