न भाजलेल्या बिस्किटांचं रीडिंग

मेश्रामकाका फ्रिजला बॉयलर समजतात. थोड्या थोड्या वेळाने दार उघडतात, आत डोकावतात, बोटाने काहीतरी दाबतात आणि भिंतीला रिपोर्ट दिल्यासारखं म्हणतात, "अजून प्रेशर नाही धरलं."

त्यांचा तरी काय दोष? सारी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली, बॉयलरच्या काट्यांसमोर. काटा बघायचा, चक्कर मारायची, पुन्हा काटा. निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा काटे कोराडीलाच राहिले, चक्कर तेवढी सोबत आली. लग्नाला गेले तरी पंगतीत बसत नाहीत. वाढप्याच्या मागे बादलीत डोकावत फिरतात.

या मे महिन्यात त्यांची नात स्वरा पुण्याहून येणार होती. फोनवर तिने फर्मावलं, "आबा, आजीची बिस्किटं करून ठेवा." आजी मागच्या वर्षी गेल्या. त्यांची बिस्किटं भट्टीशिवाय व्हायची. मारी बिस्किटांचा चुरा, लोणी, कोको, मिल्कमेड, भाजलेले दाणे; सगळं मळायचं, ताटात थापायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि घट्ट झालं की वड्या पाडायच्या.

काका इतवारीच्या बाजारातून एखाद्या लग्नाला पुरेल इतका कोको घेऊन आले. खलबत्त्यात चुरा कुटला तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला वर आले. काकांनी त्यांनाही ऐकवलं, "जिंदगीभर आगीपाशी उभा राहिलो गा. आता बिना आगीचा माल बनवून राहिलो."

पहिला माल चिखल झाला. दुसरा चमच्याने खावा लागला. नागपूरचा मे, त्यात दर थोड्या वेळाने फ्रिजचं दार सताड उघडं. लोणी घट्ट होणार कधी?

स्वरा येण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच आमची बेल वाजली. दारात काका, हातात तिसरं ताट.

"सूनबाई, तुमच्या फ्रिजमंदी जागा आहे का?"

माझ्या बायकोने, वनिताने, दह्याचं भांडं सरकवून जागा केली. काका गेले. माझा चहा संपायच्या आत परत आले आणि थेट फ्रिज उघडून उभे.

"काकाजी, दार लावा. बिस्किटं आहेत ती, पळून नाही जात."

"रीडिंग घ्या लागते नं."

पुन्हा बेल, पुन्हा रीडिंग. तिसऱ्या खेपेला वनिताने लाटणंच उगारलं. "आता हात लावला नं, तर तुम्हालेच आत ठेवीन."

काका असे खुशीत परतले, जणू त्यांना प्रमोशन मिळालं.

मला वाटलं, यांचा फ्रिज बिघडला असावा. मेकॅनिकचा नंबर घेऊन त्यांच्याकडे गेलो. फ्रिज गुरगुरत होता. उघडला तर आत पाण्याच्या बाटल्यांवर बर्फ धरलेला.

"काकाजी, हा तर चालू आहे."

काका खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"चालू आहे गा. पयले मी उघडला की स्वराची आजी ओट्यापासून बोंबले, 'अजी, दार लावा.' मी लावून द्यायचो. आता उघडतो अन् तसाच उभा राहतो. कोणीच काही म्हणत नाही." ते थांबले. मी पहिल्यांदाच त्यांना एका जागी थांबलेलं पाहिलं. "सारी ठंडक निघून जाते."

घरी येऊन मी हे वनिताला सांगितलं. तिने कुकरची शिट्टी काढून पुन्हा लावली.

संध्याकाळी वड्या अशा खणखणीत पडल्या की सुरी वाजली. दुसऱ्या दिवशी स्वराने येताक्षणीच निम्म्या संपवल्या, उरलेल्या डब्यात भरून पुण्याला नेल्या.

ती गेली त्याच दुपारी बेल वाजली. दारात काका. या वेळी हात रिकामे.

"सहज आलो," म्हणाले, आणि चपला काढून स्वयंपाकघरापर्यंत पोचले. फ्रिजला अजून त्यांचा हातही लागला नव्हता. वनिता ओट्याशी पाठमोरी कणीक मळत होती. मान न वळवता ती ओरडली,

"काकाजी, दार लावा."