थांबा, फेसलिफ्ट येतंय

आमच्या केडगावच्या गल्लीत कुणाला नवी गाडी घ्यायची असेल, तर ती बातमी भिंगारदिवे सरांपासून लपवून ठेवावी लागते. आमच्या ह्यांनी नाही ठेवली. बुकिंगचा चेक खिशात घालून ऐटीत निघाले, फाटकाशी सर भेटले, आणि थोड्या वेळाने हे चेकसकट परत येऊन म्हणाले, "थांबूया. फेसलिफ्ट येतंय." त्यानंतर कितीतरी महिने आम्ही तिघं एका स्कूटरवर कोंबून हिंडलो. मी सरांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शांतवन भिंगारदिवे सर आमचे शेजारी. भूगोलाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण समजावून सांगायची सवय काही निवृत्त झाली नाही. फेसलिफ्ट म्हणजे काय, हे गल्लीतल्या भाजीवालीलाही त्यांच्यामुळे पाठ आहे. गाडी बाजारात येऊन तीनेक वर्षं झाली की लोकांना तिचं तोंड बघून कंटाळा येतो. मग कंपनी पुढची जाळी बदलते, दिवे बदलते, आत मोठा स्क्रीन बसवते. इंजिन बहुतेक तेच, सांगाडाही तोच. "पाठ्यपुस्तकाची सुधारित आवृत्ती," सर म्हणतात. "नुसतं मुखपृष्ठ बदललंय की आतला एखादा धडाही, ते आधी बघायचं. एअरबॅग वाढवल्या असतील, ब्रेक सुधारले असतील, तर तो धडा बदलला. नाहीतर रंगरंगोटी."

इतपत ठीक आहे. पण मग घ्यायचं काय? फेसलिफ्टच्या आधीची गाडी सवलतीत मिळते, तर सर म्हणणार, विकायला काढाल तेव्हा ती मागची आवृत्ती ठरेल. बरं, फेसलिफ्ट आलेलं घ्यावं, तर पहिल्या लॉटमध्ये बारीकसारीक दुखणी निघतात, सहा महिने जाऊ द्या. सहा महिने गेले की दुसऱ्या कंपनीचं फेसलिफ्ट येऊ घातलेलं असतं. एवढं करून कुणी गाडी घेतलीच, तर पेढे खायला सर पहिले हजर. गल्लीची रीत म्हणून नवी गाडी शिंगणापूरला निघते, तेव्हा सर चर्चला जाणारे असूनही पुढच्या सीटवर बसून जातात आणि पुढच्या मॉडेलमध्ये काय काय येणार आहे ते वाटेत सांगतात. परत येईपर्यंत मालकाचं तोंड उतरलेलं असतं.

पुणे रस्त्यावरच्या शोरूमवाल्यांनी यावर उपाय काढला आहे. सर दिसले की त्यांना मानाने आतल्या केबिनमध्ये नेतात, चहा-बिस्किटं देतात आणि दार लावून घेतात. बाहेरची गिऱ्हाईकं तेवढी वाचतात.

आता खुद्द सरांकडे गाडी नाही, हे सांगायला नकोच. पैसे बाजूला काढून ठेवलेले, लायसन जिवंत, पण गाडी नाही. आणि गाडीची गरज होती ती रूथकाकूंना. काकू म्हणजे सरांच्या मिसेस. माहेर कोपरगावचं. तिथे त्यांची थोरली बहीण एकटी राहते, ऐंशीच्या पुढची. काकूंचे गुडघे असे की एसटीची पायरी चढवत नाही. भाड्याच्या गाडीने एकदा गेल्या, तर ड्रायव्हर बाहेर सारखा हॉर्न वाजवत राहिला. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं, "भाड्याच्या गाडीत मी न्हाई जायची. घरची गाडी आली की ताईकडं चांगली महिनाभर राहीन. दोघी बहिणी पोटभर बोलू." हे ऐकलं की सर चष्मा पुसत म्हणायचे, थोडं थांब, फेसलिफ्ट येतंय.

मागच्या महिन्यात ताई न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. मग मात्र मीच पुढाकार घेतला. काकूंना आणि सरांना घेऊन शोरूम गाठलं. सर आज गिऱ्हाईक म्हणून आलेत, हे पटवायलाच वेळ लागला.

काकूंना गाडी पसंत पडली. वाकावं लागत नव्हतं, चढावंही लागत नव्हतं. त्या सीटवर बसून दार उघडझाप करत होत्या, आणि इकडे सर पुढच्या दिव्यांकडे बघत सेल्समनला म्हणाले, "याचं फेसलिफ्ट दिवाळीनंतर आहे ना? मग थांबू."

माझा संताप झाला. त्यांना बाजूला घेऊन मी जरा आवाज चढवूनच विचारलं की सर, ताईंनी किती थांबायचं?

सर चष्मा काढून पुसायला लागले. मग म्हणाले, "लग्न झाल्यापासून रूथ एक रात्रही माझ्याशिवाय राहिलेली नाही. चहा मला येतो, भात येतो. पण मी काही बोललो, तर त्याला उत्तर कोण देणार?"

इतका वेळ मी ज्याला चक्रम समजत होते, तो माणूस साधा घाबरलेला होता. तेवढ्यात गाडीतून काकूंचा आवाज आला. फोनवर बहिणीला सांगत होत्या, "थांब गं जरा ताई. गाडी यायलीच हाय. थांबशील ना?"

सरांनी ते ऐकलं. वळून सेल्समनला म्हणाले, "हीच द्या. उद्या मिळेल ती. रंग कोणताही चालेल."

तिसऱ्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांनी गाडीवर प्रार्थना केली आणि सर काकूंना कोपरगावला सोडायला गेले.

संध्याकाळी त्यांची गाडी फाटकाशी लागलेली दिसली. बराच वेळ झाला तरी सर उतरेनात, म्हणून मी जेवायला बोलवायला गेले. काच खाली होती. घराच्या खिडक्या काळोख्या. सर स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मी काही म्हणणार, तोच काकूंचा फोन आला. पोचलात का, हे मलाही ऐकू आलं.

"नाही अजून," सर म्हणाले. "आत्ताशी राहुरी सोडतोय. नाही नाही, गाडी बाजूला उभी केलीय. तू बोल."

मी पाय न वाजवता घरी परतले आणि त्यांच्यासाठी भाजी पुन्हा गरम करायला ठेवली.