झोपेत खाल्लेली स्लानिना

त्या दुपारीही ताटात पांढऱ्या घेवड्याचं सूप आणि उकडलेली मासळी आली, तेव्हा तिहोमीरनं चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. अंगणाच्या टोकाला धूरखोली होती. तिच्या फटींतून निघणारा निळसर धूर तिसा नदीवरच्या धुक्यात मिसळत होता. आत आढ्याला टांगलेली होती हिवाळ्याची सगळी स्लानिना, मीठ-लसूण चोळून धुरावलेल्या डुकराच्या चरबीदार लाद्या.

“बाहेर बघून पोट भरत नाही, म्हाताऱ्या. जेव,” त्याची बायको देसांका म्हणाली.

“बघण्यावरही बंदी घातलीय का डॉक्टरीणबाईंनी?”

“विचारून येते.”

डुक्कर कापलं आणि त्याच आठवड्यात तिहोमीरच्या छातीत कळ आली होती. जन्मभर नदीवर तर, म्हणजे पैलतीरी नेणारी नाव, चालवलेला माणूस. डॉक्टर यास्नाबाईंनी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं होतं, “तिहोमीरकाका, पात्रात गाळ साचला की तर अडते ना? तुमच्या रक्तवाहिन्यांत तसाच साचतोय. चरबी, सॉसेज बंद. मीठ बेतानं. घेवडा, भाज्या, मासे खा आणि रोज चाला.” गाळ म्हटल्यावर तिहोमीर घाबरला. त्याहून जास्त देसांका घाबरली. त्या दिवसापासून घरात चरबीचा डबा उघडला नाही.

पण जेवून पडलं की तिहोमीरचा डोळा लागे, आणि धूरखोलीचं दार आपोआप उघडे. आत कुठलीच घाई नसे. लाद्या संथपणे झुलत, जशी शांत पाण्यावर तर झुलते. तो खिशातला चाकू काढी, पातळ काप पाडी, पावावर ठेवी, वर कांद्याची चकती. धूर कानाशी काहीतरी गुणगुणे. मग देसांकाच्या भांड्यांचा आवाज येई आणि तो ओठ चाटत जागा होई.

एके दिवशी देसांका कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. “स्लानिना कमी होतेय.”

“मी नाही.”

“मग उंदीर सुरीनं कापतात का?”

तिहोमीर विचारात पडला. आणि मग त्याचा चेहरा उतरला. “देसांका, मीच असेन गं. रोज दुपारी खातो. मला वाटायचं, स्वप्नात खातोय.”

देसांकानं छातीवर क्रूस काढला. “झोपेत चालतोस? अरे, मला एकटीला टाकून जायचंय का तुला?” आणि ती पदराची नव्हे, पण एप्रनची कड डोळ्यांना लावून मुसमुसू लागली.

तिहोमीरला स्वतःचीच भीती वाटू लागली. त्यानं धूरखोलीला कुलूप घातलं आणि किल्ली देसांकाच्या हाती दिली. तरी स्लानिना कमी होतच राहिली. “झोपेत माझ्या खिशातून किल्लीही काढतो मेला!” देसांका म्हणाली. शेवटी त्यानं शेजारच्या झिवानला बोलावलं.

“बांध मला.”

“दादा, तुम्ही काय बैल आहात?”

“बैल चरबी खात नाही. बांध.”

झिवाननं तरीचा जुना दोर आणला. एक टोक तिहोमीरच्या कमरेला, दुसरं पलंगाच्या पायाला. वर खबरदारी म्हणून मेंढ्याची घंटा गळ्यात. देसांका म्हणाली, “आता झोप निवांत,” आणि अंगणात गेली.

तिहोमीर झोपला. दार उघडलं. लाद्या झुलल्या. तो एकीकडे सरकला आणि सगळं जग एकदम उलटं झालं. घंटा खणखणली, पलंग कलंडला, कपाळ जमिनीवर आपटलं. झिवान कुंपणावरून उडी मारून आला. धूरखोलीतून देसांका धावत आली.

“वहिनी, काय झालं?”

देसांकाच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे विस्फारलेले, गाल फुगलेले, ती नुसती हात हलवत होती. वहिनींची वाचा बसली म्हणजे दादा गेलेच, असं समजून झिवाननं रुग्णवाहिका बोलावली. घंटा काढायचं कुणाला सुचलंच नाही. गावातून गाडी गेली ती सायरन आणि घंटा दोन्ही वाजवत.

दवाखान्यात यास्नाबाईंनी हृदय तपासलं, रक्त तपासायला पाठवलं, कपाळावर पट्टी लावली. “टेंगूळ सोडलं तर काही नाही,” त्या म्हणाल्या. मग तपासणीचा अहवाल आला आणि त्या हसल्या. “काका, शाब्बास! रक्तातली चरबी छान उतरलीय.”

“अहो, पण हा झोपेत स्लानिना खातो!” देसांका म्हणाली. आता तिला वाचा फुटली होती.

“तसं असेल, तर त्यांच्या रक्ताला ते कळलेलं नाही.”

झिवान देसांकाकडे टक लावून बघत होता. “वहिनी, तुमची हनुवटी कशानं चकाकतेय?”

देसांकानं हनुवटी पुसली. “मी काही खाल्ली नाही हं. चव बघते. खवट झाली तर? आणि आताशा रोज जरा जास्त बघावी लागते.”

“किती?” यास्नाबाईंनी विचारलं.

“एवढीशी.” अंगठा आणि तर्जनीतलं अंतर हळूहळू वाढत गेलं. “जाता-येता. उभ्या उभ्या. उभ्यानं खाल्लेलं काय अंगी लागतं? आणि याचा वाटा कुणी खायचा? टाकवत नाही हो मला.”

झिवान खो खो हसला. तिहोमीरही हसणार होता. पण यास्नाबाईंनी देसांकाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा बांधला. त्या हसत नव्हत्या. “काकू, तुमचंही रक्त बघू या.”

देसांकाचे आकडे तिहोमीरच्या सगळ्यांत वाईट आकड्यांपेक्षा वाईट निघाले. घरी येताना तिहोमीरनं तिचा दंड धरला. सगळा हिवाळा त्यानं आपणच आधी जाणार असं धरलं होतं. दुसरीही शक्यता असते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी उरलेली स्लानिना खालच्या आळीतल्या लग्नघरी गेली. झिवाननं एक लादी ठेवून घेण्याची तयारी दाखवली, तर तिहोमीरनं त्यालाच यास्नाबाईंकडे पिटाळलं. मग चाळिशीच्या काचा पुसून तो चुलीपाशी उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा घेवडा शिजवला. अर्धा कच्चा होता, अर्धा करपला होता.

“कसा झालाय?”

“गिळता येतोय,” देसांका म्हणाली आणि वाडगा संपवला.

जेवून ती पडली. तिहोमीर शेजारी खुर्ची ओढून बसला आणि तिचा श्वास ऐकत राहिला. खिडकीतून नदीचं धुकं हळूच आत आलं. थोड्या वेळानं देसांकाचे ओठ हलू लागले. जबडा संथपणे, तृप्तपणे चालू लागला.

तिहोमीरनं तिला उठवायला हात पुढे केला. मग मागे घेतला, आणि तिच्या गालावर बसू पाहणारी माशी तेवढी हाकलली.