डोमाजींची उंच ज्वारी

आमचे शेजारी डोमाजी ज्वारीच्या कणसांना कागदी टोप्या घालत आणि त्यांच्याशी कुजबुजत बोलत. टोप्यांचे कारण शास्त्रीय होते: परक्या ताटाचा पराग कणसावर पडू नये. कुजबुजण्याचे कारण मात्र माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

भाताच्या मुलखात, देवरीच्या रस्त्यालगत, हे गृहस्थ जळणासाठी ज्वारी घडवीत होते. एका संशोधन केंद्राने बियाणे दिले होते. ताटांपासून वीज करायची, म्हणून दाणा कमी चालेल, ताट भरघोस हवे.

"दाना सारेच पाहतात, गुरुजी. ताट पाहा," ते म्हणत.

ते दरवर्षी सर्वांत उंच ताटाचेच बी राखत. दहाव्या वर्षी पीक घराच्या वळचणीच्या वर गेले. वारा पडलेला असतानाही आतून सळसळ येई. तिन्हीसांजेला बसमधल्या लोकांना पांढऱ्या टोप्यांची माणसे रांगेने उभी दिसत.

"अंदर कौन खड़ा है, डोमाजी?" कंडक्टरने एकदा विचारले.

"माहीच मानसं आहेत. तिकीट नाही काढत."

केंद्राचा नियम सरळ होता: सगळे पीक कापून वजन झाले, तरच वाण पुढच्या चाचणीला जाणार. डोमाजी मात्र दोन वर्षे नुसती कणसे खुडत आले होते. बिनडोक्याची ताटे पुढच्या पेरणीपर्यंत तशीच उभी राहत. यंदाही वजन झाले नाही, तर वाण बाद होणार होते.

"डोमाजी, दहा वर्षांची मेहनत जाईल. कापत का नाही?"

"कापून राहिलो न जी. घाई कायले?"

अखेर केंद्राचे दोघे काटा घेऊन आले. नोंदीला मला बसवले. विळे चालू लागले, तशी पलीकडची कौले दिसू लागली, मग ओसरी, मग दार. ते डोमाजींच्या धाकट्या भावाचे घर. भाऊ वारला, भावजय मुलांना घेऊन नागपूरला गेली. ज्वारीची पहिली पेरणी भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यातली, हे मला तेव्हा प्रथमच उमगले.

डोमाजींनी अंगणातली बाज फिरवून आपल्या घराच्या भिंतीकडे तोंड केले होते. मी वजन वाचून दाखवले. "वाण पास," केंद्राचा माणूस म्हणाला. डोमाजी वळले नाहीत.

"गुरुजी, दाराले कुलूप आहे का जी अजून?"

"आहे."

"गंजलं असन आता."