अप्पांची गोळी आणि तीन कुलपं

अप्पांच्या गोळ्यांच्या डबीला तिसरं कुलूप लागलं, ते परीक्षक घरी यायचे होते त्याच दिवशी सकाळी. आधीची दोन मुलाची आणि सुनेची होती. हे लाल रंगाचं, खास अप्पांसाठी. "रुग्णाचा सहभाग," असं म्हणून मुलाने किल्ली अप्पांच्या गळ्यात अडकवली आणि तो मोकळा झाला.

मुलगा एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. तिथे नियम असा की, यंत्र दुरुस्तीसाठी बंद केलं की त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपापलं कुलूप त्याला लावायचं, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. या नियमाने कितीतरी माणसांचे हात-पाय शाबूत राहिले होते. नियमात काही खोट नव्हती. फक्त अप्पा यंत्र नव्हते, आणि त्यांना बंद नव्हे, चालू ठेवायचं होतं.

अप्पांना पार्किन्सन होता. गोळी वेळेवर पोटात गेली की ते शर्टाची बटणं स्वतः लावत, कोपऱ्यावरच्या बागेत फिरून येत, आल्यावर सगळ्या जगाला नावं ठेवत. वेळ टळली की पाय फरशीला खिळल्यासारखे होत आणि चेहऱ्यावरची माशीही हलत नसे. एके काळी रेडिओवर बातम्या वाचणारा त्यांचा आवाज आता इतका खाली गेला होता की, त्यांना काही सांगायचं असलं तर आधी पंखा बंद करावा लागे.

कुलपांची वेळ त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती, हे मात्र मान्य करायला हवं. दुपारच्या झोपेत एक गोळी चुकली, तेव्हा उठल्यावर त्यांनी दोन एकदम घेतल्या आणि संध्याकाळी गरगरून शेजारच्यांच्या निवडुंगाच्या कुंडीत बसले. काटे काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "चुकलेल्या गोळीची भरपाई दोन घेऊन करायची नाही. मनाला आलं म्हणून बंदही करायची नाही. काही अडलं तर मला विचारायचं." मग त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही जरा लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायला वेळ लागतो. मुलाकडे तो नव्हता, म्हणून त्याने पद्धत बसवली. लोखंडी डबी आली, कुलपं आली, भिंतीवर बाणांचा तक्ता आला. तेवढ्यात कारखान्यात 'घरातही सुरक्षा' नावाची स्पर्धा जाहीर झाली आणि मुलगा नुसता पेटला.

"एकदा बक्षीस मिळू दे, अप्पा. मग डबी तुमच्या हातात."

"नक्की?"

"शब्द देतो."

आपली गोळी आपल्या खिशात असावी, एवढंच अप्पांना हवं होतं. तेवढ्यासाठी ते गळ्यात किल्ली घालून नंदीबैलासारखे बसायलाही तयार झाले.

परीक्षक म्हणून खुद्द कारखान्याचे मोठे साहेब आले. एक हात कोटाच्या खिशात आणि चेहरा असा, की पाहुणचारही जपून करावा. सोबत मनुष्यबळ विभागाच्या बाई होत्या. त्या दिसेल त्याचा फोटो काढत होत्या. अप्पांच्या गोळीची वेळ साधूनच त्यांना बोलावलेलं होतं. मुलाने आपलं कुलूप काढलं. अप्पांनी कापऱ्या हाताने लाल कुलूप काढलं. बाईंनी दोन्हींचे फोटो काढले. आणि उरलेल्या, सुनेच्या कुलपाशी मुलाचा हात थबकला.

सून दातांची डॉक्टर. सकाळी एका रुग्णाची दाढ ठणकायला लागली म्हणून ती घाईने दवाखान्यात गेली होती, आणि किल्ली तिच्या पर्समध्ये होती. मुलाने फोन लावला.

"अगं, किल्ली?"

"माझ्याकडे आहे. पेशंट आ वासून बसलाय, पटकन बोल."

"अप्पांची गोळी आत आहे."

"मग तोड ना कुलूप."

"तुझं कुलूप मी कसं तोडणार? ज्याचं त्यानेच काढायचं असतं."

"अरे, मी सांगतेय ना तोड म्हणून."

"असं फोनवर चालत नाही. लेखी लागतं."

पलीकडून आधी पेशंटचं कण्हणं ऐकू आलं, मग सुनेचं, आणि फोन बंद झाला.

मुलाने साहेबांकडे पाहून हसून घेतलं आणि भिंतीवरचा तक्ता समजावायला सुरुवात केली. तक्ता लांबलचक होता. दुसरा बाण संपेपर्यंत अप्पांचे खांदे आखडले. चौथ्या बाणापर्यंत बोटांचा चाळा सुरू झाला आणि पाय परके वाटू लागले. बोलावं, तर बक्षीस जाईल आणि बक्षिसाबरोबर डबीही. म्हणून अप्पा गप्प बसले. पुढे त्यांनी बोलायचं ठरवलं, तेव्हा आवाज बाहेर येईना.

"किती शांत आहेत हे," बाई म्हणाल्या. "चेहऱ्यावर तक्रारीची रेघसुद्धा नाही."

"पद्धतीवर विश्वास आहे त्यांचा," मुलगा म्हणाला. "ही पद्धत आल्यापासून एकही चुकीची गोळी त्यांच्या पोटात गेलेली नाही."

हे अगदी खरं होतं. बरोबर गोळीही वेळेवर जात नव्हती, पण त्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

बाई आणि मुलगा तक्त्याजवळ फोटोसाठी उभे राहिले, तेव्हा साहेब येऊन अप्पांच्या शेजारी बसले. अप्पांना मान वळवता येत नव्हती, डोळे तेवढे फिरत होते. साहेबांच्या कोटाचा खिसा आतून हलत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घोळत होते, न थांबता, जपमाळ ओढावी तसे. अप्पांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तिथेही तेच चाललं होतं.

साहेबांनी वाकून कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "गोळी कधीपासून राहिलीय?"

"तुम्ही... आलात... तेव्हापासून," अप्पा कसेबसे पुटपुटले. मग लाज सोडून म्हणाले, "तुमच्याकडे... असेल तर..."

"आहे. पण देणार नाही," साहेब कुजबुजले. "माझी मात्रा वेगळी, तुमची वेगळी. भलतंच काही झालं तर डॉक्टर माझं डोकं फोडतील." ते उठले आणि एकदम साहेबी आवाजात म्हणाले, "कटर आणा. हे कुलूप तोडा."

मुलाचा चेहरा पडला. "सर, आत्ता? कटरसाठी गॉगल लागतो. हातमोजे लागतात. ते गाडीत आहेत."

"मग धावत जा."

"सर, जिन्यात धावायची मनाई..." एवढं बोलून मुलाने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो धावला. गॉगल लावून, हातमोजे चढवून, बाईंना चार पावलं मागे उभं करून त्याने बायकोचं कुलूप तोडलं. अप्पांना आधी दोन गोळ्यांचा मोह झाला, मग निवडुंग आठवला. त्यांनी एकच घेतली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितला. पुढच्या गोळीची वेळ डॉक्टरीणबाईंनी सांगितली, ती मुलाने टिपून घेतली.

बऱ्याच वेळाने अप्पांचे खांदे सैल पडले, तेव्हा साहेब जायला निघाले होते. "यांची डबी यांच्याकडेच राहू द्या," दारात ते म्हणाले. "आठवणीला घड्याळाचा गजर लावा. आणि तुम्ही रोज एकदा डबीत डोकावून बघा, म्हणजे झालं."

"सर, मी अगदी हेच सुचवणार होतो," मुलगा म्हणाला.

बक्षीस त्यालाच मिळालं. समारंभात त्याने 'रुग्णाच्या हाती अधिकार' या विषयावर भाषण केलं. ही कल्पना आपल्याला कशी सुचली, हे तो इतकं रंगवून सांगत होता की अप्पांनाही ते क्षणभर खरं वाटलं. भाषण ऐन भरात असताना अप्पांच्या मनगटावर गजर वाजला. पहिल्या रांगेत बसलेल्या अप्पांनी खिशातून डबी काढली, एक गोळी घेतली, वर घोटभर पाणी घेतलं. प्रात्यक्षिक समजून सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पांना उगीचच भरून आलं. डबी खिशात ठेवताना त्यांचं लक्ष व्यासपीठाकडे गेलं. तिथे मोठे साहेब, कोणाचंच लक्ष आपल्याकडे नाही असं बघून, खुर्चीत तिरके वळून घाईघाईने आपली गोळी गिळत होते.

टाळ्या ओसरायला लागल्या. साहेबांचं पाणी पिऊन अजून झालं नव्हतं. अप्पांनी थरथरते हात वर केले आणि पुन्हा टाळ्या वाजवायला सुरुवात केली.